व्यसन : नाही

फॉर्म भरणारा डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाचा होता. मी स्ट्रेचरवर पडलेली, उजव्या पायाचा घोटा मोडून टम्म सुजलेला. त्यानं विचारलं, "डायबिटीस?" नाही. "बीपी?" थोडं आहे, गोळी चालू आहे. "कसली ॲलर्जी?" नाही. "आधी काही ऑपरेशन?" एक सिझेरियन. पुढच्या ओळीशी त्याचं पेन थांबलं. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बावन्न वर्षांची बाई, अंगात सुती गाऊन, कपाळावर टिकली, शेजारी नवरा. मला काही न विचारताच त्यानं लिहून टाकलं. व्यसन : नाही.

मी काही बोलले नाही. माझा नवरा विनय काही बोलला नाही. माझ्या चपला हातात धरून दाराशी उभी असलेली आमची मुलगी ऋचा, तीही बोलली नाही. त्या खोलीत खरं काय ते फक्त मला ठाऊक आहे, असं मी तेव्हा धरून चालले होते.

शनिवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. त्या दिवशीची पहिली दारू मी साडेनऊला प्यायले होते, आणि दहा वाजता बाथरूममध्ये पडले होते.

*

"दारू" हा शब्द स्वतःबद्दल लिहायला मला बराच काळ लागला. आधी मी "थोडं घ्यायचे" म्हणायचे. मग "माझा प्रॉब्लेम". आमच्याकडे दारू पिणारी बाई म्हटलं की जी डोळ्यांसमोर येते, ती मी नव्हते. मुलुंड पूर्वेला दोन बेडरूमचा फ्लॅट, बँकेत सत्तावीस वर्षं नोकरी, मग स्वेच्छानिवृत्ती. घरी सासूबाई, वय त्र्याऐंशी. विनय ऐरोलीच्या एका कंपनीत. ऋचाची नोकरी नुकती लागलेली.

लोक विचारतात, कशामुळे सुरू झालं? त्यांना काहीतरी मोठं दुःख हवं असतं. माझ्याकडे ते नाही. नोकरी सोडल्यावर दुपारी फार लांबायला लागल्या. सासूबाई एक ते चार झोपायच्या. विनयच्या पाहुण्यांसाठी कपाटात बाटल्या असायच्या. एका दुपारी मी झाकणभर घेतली, त्यानं बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, हे लपवून काय करू. वर्षभर ते झाकणभरच राहिलं. मग ग्लास आला. मग दुपारची सकाळ झाली, कारण सकाळी घेतली नाही तर चहाचा कप बशीवर वाजायला लागला.

मी व्होडका घ्यायचे. ठाण्याच्या एका दुकानातून आणायचे, तिथं मला कोणी ओळखत नव्हतं. पांढऱ्या व्हिनेगरच्या बाटलीत ओतून ती तेल-मसाल्यांच्या मागे ठेवायचे. आमच्या घरात व्हिनेगर कोणी वापरत नाही.

एक गोष्ट मी कितीतरी दिवस डॉक्टरांनाही सांगितली नव्हती. पडण्याच्या चार-पाच महिने आधी दुपारी मी गॅसवर दूध ठेवलं आणि सोफ्यावर झोपले. झोपले म्हणजे काय, पडले. दूध उतू जाऊन गॅस विझला आणि तसाच चालू राहिला. आतल्या खोलीत सासूबाई. ऋचा त्या दिवशी बरं नाही म्हणून लवकर घरी आली. तिनं खिडक्या उघडल्या, गॅस बंद केला, मला हलवून उठवलं. मी म्हटलं, "डोळा लागला गं." ती म्हणाली, "हं." सासूबाईंचं डोकं दोन दिवस दुखत होतं.

त्यानंतर मी दूध सकाळीच तापवायला लागले. पिणं बदललं नाही, दुधाची वेळ बदलली. हा आजार कसा असतो असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते.

*

रविवारी ऑपरेशन झालं, घोट्यात प्लेट बसवली. कमरेखाली बधिर केलं होतं, त्यामुळे डॉक्टरांचं बोलणं ऐकू येत होतं. सगळं छान झालं म्हणाले. संध्याकाळपर्यंत माझे हात थरथरायला लागले. गाऊन घामानं ओला. डोळे मिटले की आत काहीतरी झर्रकन हलायचं.

वॉर्डच्या सिस्टरचं नाव ज्युडिथ. गोराईच्या, पन्नाशीच्या, आडव्या बांध्याच्या, बोलणं एकदम रोखठोक. बीपी घेताना त्यांनी माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.

"किती थरथरतेस गं. भीती वाटते?"

"हो."

"ऑपरेशन झालं की आता. आता कसली भीती?"

"पाय दुखतोय."

"पाय दुखला म्हणून एवढा घाम येत नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला सांगता आलं असतं. खोलीत त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "इथं एसी पोचत नाही." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या गेल्या.

*

सोमवारी दुपारी जेवणाचं ताट आलं तेव्हा मला सलाईनच्या नळीवरून मुंग्या येताना दिसल्या. बारीक, लाल, एका ओळीत. नळीवरून येऊन हातात शिरत होत्या. मी विनयला दाखवल्या. तो म्हणाला, "कुठे?" मला वाटलं, हा मुद्दाम करतोय.

मग गॅसचा वास यायला लागला. इतका खरा, की आजही लिहिताना नाक आखडतं. पडद्यापलीकडे माझा ओटा होता. त्याच्यापलीकडे सासूबाई झोपल्या होत्या, मला त्यांच्या घोरण्याचा आवाज येत होता, आणि तो हळूहळू कमी होत होता. मला फक्त गॅस बंद करायचा होता. मी सलाईन उपटलं आणि मोडक्या पायावर उभी राहिले. दुखल्याचं आठवत नाही. कोणीतरी मला मागून धरलं. ते मला तिकडे जाऊ देत नव्हतं. उशाशी स्टीलचा तांब्या होता. तो मी जिवाच्या करारानं मारला.

तो ज्युडिथ सिस्टरच्या भुवईवर बसला.

पुढचं मला ऋचानं सांगितलं, तेही कितीतरी दिवसांनी. चौघांनी मिळून मला पलंगावर दाबून धरलं. मी तिला ओळखत नव्हते. बाहेर पॅसेजमध्ये डॉक्टर विनयला समजावत होते, भुलीचा परिणाम असेल, इन्फेक्शन असेल, मेंदूचा स्कॅन करून घेऊ. ऋचा मध्येच म्हणाली, "माझी आई पिते."

विनय म्हणाला, "ऋचा, काय बोलतेस?"

"रोज पिते. सकाळपासून."

डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं कधी घेतलं?"

"शनिवारी सकाळी. पडली तेव्हा तोंडाला वास येत होता. ॲम्ब्युलन्समध्ये मी तिला पेपरमिंट दिली."

ती गोळी मला आठवत होती. मळमळतंय म्हणून दिली असेल, असं मला वाटलं होतं.

*

आयसीयूत चार दिवस गेले. त्यातले पहिले तीन माझ्याकडे नाहीतच. शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही हात मऊ पट्ट्यांनी पलंगाच्या कठड्याला बांधलेले होते. पायाचं दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागणार होतं, कारण मी उभी राहिले तेव्हा प्लेट सरकली होती.

मोठे डॉक्टर आले, खुर्ची ओढून बसले. हळू बोलणारे गृहस्थ होते. "तुम्हाला जे झालं ते दारू एकदम बंद झाल्यामुळे झालं," ते म्हणाले. "शरीराला रोजची सवय असते. ती अशी अचानक तोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे होतं. फिट येऊ शकते, माणूस जाऊही शकतो. आधी कळलं असतं तर आम्ही औषध देऊन हळूहळू उतरवलं असतं. तुमच्या मुलीनं सांगितलं म्हणून तुम्ही आहात."

मग त्यांनी लिव्हरची सोनोग्राफी दाखवली. मला त्यात काही कळलं नाही. "गेलेलं परत येत नाही," ते म्हणाले. "राहिलेलं किती वर्षं साथ देईल ते मी सांगू शकत नाही. पुन्हा प्यायलात तर मात्र सांगू शकतो."

दारू प्यायल्यानं मरतात हे मला ठाऊक होतं. थांबल्यानंही मरतात, हे बावन्न वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं.

*

मला कृतज्ञ वाटायला हवं होतं. मला राग आला. ऋचाशी मी तीन दिवस बोलले नाही. तिनं मला नवऱ्यासमोर, डॉक्टरांसमोर उघडं पाडलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. ती रोज ऑफिसमधून यायची, फळं चिरून ठेवायची, बसायची, जायची.

चौथ्या दिवशी मी विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"आठ महिने झाले. मैत्रिणी आल्या होत्या ना, नूडल्स केले होते आम्ही. मी व्हिनेगर ओतलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बाटली परत जागेवर ठेवली मी. मैत्रिणींना म्हटलं, खराब झालंय व्हिनेगर." ती सफरचंद चिरत होती, वर बघत नव्हती. "रोज ठरवायचे, आज बोलते. मग तू हसून दार उघडायचीस."

"आणि त्या दिवशी बरी बोललीस."

तेव्हा तिनं वर पाहिलं. "मला माहीत होतं, तू वाचलीस तर माझ्याशी बोलणार नाहीस. म्हटलं, चालेल."

सगळ्यात जास्त त्रास मला विनयनं दिला, आणि तो काही वाईट वागला नाही. त्यानं फक्त ठरवून टाकलं की बाहेर "इन्फेक्शन" सांगायचं. सासूबाईंना इन्फेक्शन, सोसायटीत इन्फेक्शन, माझ्या भावाला इन्फेक्शन. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "अरे विनय, तुला खरंच काही कळलं नव्हतं?"

तो खिडकीशी गेला. मग म्हणाला, "वास यायचा मला. वर्षभर येत होता. वाटायचं, विचारलं आणि तू हो म्हणालीस तर? पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं गं."

म्हणजे फॉर्मवर ती ओळ लिहिली गेली तेव्हा खोलीतल्या आम्हा तिघांनाही ती खोटी असल्याचं माहीत होतं. ती खोडायला तिघांपैकी एकाचाही हात पुढे झाला नाही.

*

ज्युडिथ सिस्टरच्या भुवईवर पाच टाके पडले होते. दोन दिवस सुट्टी घेऊन त्या परत त्याच वॉर्डवर आल्या. माझ्या केसांच्या जटा झाल्या होत्या. त्यांनी तेल लावून, अर्धा तास बसून सगळा गुंता सोडवला.

मी म्हटलं, "सिस्टर, मी तुम्हाला मारलं."

"शुद्धीत नव्हतीस तू."

"तरी."

"तरी हात तुझाच होता," त्या म्हणाल्या. "तेवढं ध्यानात ठेव, बाकीचं सोड." आणि वेणी घालायला लागल्या. त्या दिवसांत मला कोणी काही दिलं असेल तर हे दिलं. माफीही दिली आणि सूटही दिली नाही.

*

व्यसनमुक्तीच्या वॉर्डमध्ये महिनाभर राहिले. बायका आम्ही चौघीच. नंतर दर गुरुवारी घाटकोपरला एका शाळेच्या वर्गात आमची बैठक व्हायची. तिथं मला शैला भेटली. घाटकोपरचीच, चव्वेचाळीस वर्षांची, घरी ब्लाऊज शिवायची. बारीक चणीची आणि तोंडाळ. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "तुमची व्होडका म्हणजे हायफाय हो. मी देशीवर होते. पण उलटी दोघींची सारखीच." कितीतरी महिन्यांनी मी खळखळून हसले. आम्ही रोज फोनवर बोलायला लागलो.

सहा महिन्यांनी शैला बैठकीला यायची बंद झाली. फोन उचलेना. पुन्हा सुरू झालं असणार हे मला कळलं. मग एका मंगळवारी दुपारी तिचाच फोन आला. आवाज बारीक, पण खुशीत.

"सुटली गं. या वेळी खरंच सुटली. सासूनं मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. खोलीला बाहेरून कडी लावून घेतलीय मीच सांगून. कालपासून थेंब नाही."

"कशी आहेस?"

"हात हलतायत थोडे. घाम येतोय. पण सुटली."

मला तिसरा दिवस माहीत होता. ज्याच्या अंगावरून तो गेलाय असं माणूस तिच्या ओळखीत बहुधा मीच एकटी होते. पण त्या दिवशी आमच्याकडे हळदीकुंकू होतं, हॉलमध्ये बायका बसल्या होत्या, माझ्या एका हातात अत्तरदाणी होती. बायकांना काही ऐकू जाऊ नये म्हणून मी आवाज खाली घेतला आणि म्हटलं, "शाब्बास शैला. धीर धर. संध्याकाळी करते फोन." हॉस्पिटलमध्ये जा, आत्ताच्या आत्ता जा, असं म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. संध्याकाळी भांडी, आवराआवर यात मी विसरले.

बुधवारी दुपारी तिला बंद खोलीत फिट आली. आवाज ऐकून सासूला वाटलं, शिवणाच्या मशीनला धक्का लागला असेल. कडी काढली तेव्हा उशीर झाला होता.

शैलाच्या घरी गेले तर तिच्या सासूबाई मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "चांगलंच करायला गेलो हो आम्ही. सोडायलाच सांगितलं ना?"

मी हे सगळं लिहितेय ते शैलासाठी. कोणाच्या घरी कोणी रोज पीत असेल तर त्याला शपथ घालू नका, कोंडू नका, बाटली ओतून देऊन सुटलो म्हणू नका. आधी डॉक्टरकडे न्या आणि किती पितो ते खरं सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

*

शैला गेल्यावर मी पुन्हा प्यायले. नऊ दिवस. तिच्या दुःखानं प्यायले असं म्हणायला मी मोकळी आहे, पण ते खरं नाही. कारण मिळालं म्हणून प्यायले. दहाव्या दिवशी विनय ऑफिसला निघाला होता, बूट घालत होता. त्यानं बूट तसाच सोडला आणि विचारलं, "उज्ज्वला, पितेयस का?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी हो म्हटलं. पुढे काय करायचं ते या वेळी त्याला माहीत होतं. दुपारपर्यंत मी वॉर्डमध्ये होते, औषधावर.

सासूबाईंनाही आता माहीत आहे. मीच सांगितलं, गॅसचंही सांगितलं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. मग एका दुपारी झोपायला न जाता ताक घेऊन माझ्यापाशी येऊन बसल्या. अजूनही बसतात. डुलक्या काढतात, पण आत जात नाहीत.

आता थेंबही न घेता चौदा महिने झाले आहेत. लिव्हर आहे तिथंच आहे, डॉक्टरांच्या मते हीच चांगली बातमी. पाय थंडीत ठणकतो. हात थरथरत नाहीत. पण कधी कधी, भर दुपारी, काही कारण नसताना मला गॅसचा वास येतो. मी उठून बघते. बटणं बंद असतात. डॉक्टर म्हणाले, हे राहील. किती दिवस, ते म्हणाले नाहीत.

*

ऋचा आता पुण्यात असते. रोज सात वाजता तिचा फोन येतो. जेवायला काय केलंस, आजी कशी आहे, पाय कसा आहे, साधेच प्रश्न. सुरुवातीला मला वाटायचं, लेकीला आठवण येते. मग लक्षात आलं, मी काय सांगते याच्याकडे तिचं ध्यान नसतं. ती माझी जीभ ऐकत असते, जड आहे का, अडखळते का. तेव्हापासून मी तिच्याशी सावकाश, सुटे सुटे शब्द बोलते. तिला कळतं की मला कळलंय.

गेल्या आठवड्यात माझी दाढ काढली. डेंटिस्टनं जबडा बधिर केला होता. सातला फोन आला. मी म्हटलं, "आज खिचडी केली," आणि खिचडी शब्द तोंडात लोळला.

"आई?"

"दाढ काढली गं आज."

"अच्छा," ती म्हणाली. "बरं. झोप लवकर."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला बेल वाजली. दारात ऋचा उभी होती, पाठीला सॅक, केस विस्कटलेले. पहाटेची पहिली बस पकडून आली असणार. सुट्टी का घेतलीस, असं मी विचारलं नाही. ती पुढे आली, माझ्या गळ्यात हात टाकला आणि गाल माझ्या गालाला लावून तशीच उभी राहिली. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

मी जरा मागे झाले. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तोंड उघडून तिच्या नाकावर एक मोठा श्वास सोडला. त्याला लवंगेच्या तेलाचा आणि रक्ताचा वास असणार.

तिनं डोळे मिटून तो घेतला. मग बूट काढले आणि आत आली.